चार बिंदूंना दिसलेले वर्तुळ

एका सकाळी आमच्या मेट्रॉलॉजी रूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या मापन विभागात, पोलादाची एक पातळ रिंग तपासणीसाठी आली. बोअरचा (आतल्या छिद्राचा) व्यास ६० मिलिमीटर आणि टॉलरन्स (मान्य फरक) एच ६, म्हणजे ६०.००० ते ६०.०१९. शिवाय बोअरचा अक्ष बाहेरच्या व्यासाच्या अक्षाभोवती १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या क्षेत्रात असला पाहिजे, अशी ड्रॉइंगवर अट होती. सीएमएमचा, म्हणजे बारीक गोळ्याने भागाला स्पर्श करून बिंदूंच्या जागा नोंदवणाऱ्या मापनयंत्राचा, प्रोग्रॅम काही महिन्यांपूर्वी मीच लिहिलेला होता. त्यात बाहेरच्या व्यासावर २४ बिंदू घेतले होते, कारण तो डेटम, म्हणजे बाकीची मापे ज्यापासून धरायची तो आधार, होता. बोअरमध्ये मात्र ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर प्रत्येकी एक असे चारच बिंदू होते, कारण भाग पुष्कळ होते आणि मशिनसमोर रांग लागत असे. रिपोर्ट आला तो असा: व्यास ६०.००८, गोलाईतला दोष एका मायक्रॉनच्या आत, आणि केंद्र ६ मायक्रॉनने सरकलेले. केंद्र ६ मायक्रॉनने सरकले की व्यासाच्या हिशेबात ते १२ होतात. भाग रिजेक्ट.

ज्यांनी तो बोअर केला होता ते ऑपरेटर माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे आणि लेथवर हात बसलेले. रिपोर्ट हातात घेऊन ते आले आणि म्हणाले, "मॅडम, डायल लावून रनआउट काढला होता मी. सहा मायक्रॉन सेंटर सरकेलच कसं? आणि हा बोअर गेज तुम्हीच फिरवून बघा, सगळीकडे आठच दाखवतोय." मी फिरवून पाहिला. खरोखरच प्रत्येक दिशेला ६०.००८. मग त्यांनीच, काहीशा अनिच्छेने, दुसरी गोष्ट सांगितली: ६०.००० चा गो प्लग गेज, म्हणजे बोअरमध्ये गेलाच पाहिजे असा तपासणीचा दंडगोल, आत जात नव्हता.

म्हणजे बोअर गेजनुसार बोअर गोल आणि मापात होता, सीएमएमनुसार गोल आणि मापात पण बाजूला सरकलेला होता, आणि प्लग गेजनुसार लहान होता. ही तिन्ही उपकरणे कॅलिब्रेट केलेली होती. मी भाग पुन्हा धुतला, २० अंश सेल्सिअसला तासभर स्थिरावू दिला (६० मिलिमीटरच्या पोलादी व्यासात एका अंशाला जेमतेम ०.७ मायक्रॉनचा फरक पडतो, त्यामुळे दोष तापमानाचा नव्हता हे मला तेव्हाही माहीत होते, पण माणूस आधी सोप्या जागी शोधतो), प्रोबचा गोळा पुसून पुन्हा क्वालिफाय केला. आकडे हलले नाहीत. शेवटी, फारसा विचार न करता, मी रिंग टेबलावर ३० अंशांनी फिरवून ठेवली आणि यंत्राच्या अक्षांना धरून त्याच चार दिशांना पुन्हा स्पर्श केला. केंद्र अजूनही ६ मायक्रॉननेच सरकलेले होते, परंतु सरकण्याची दिशा बदलली होती, आणि ती रिंगेबरोबर ३० अंशांनी फिरण्याऐवजी उलट बाजूला ९० अंशांनी फिरली होती. खऱ्या सरकलेल्या केंद्राने भागाबरोबर फिरायला हवे. हे केंद्र भागाचे नव्हतेच. ते माझ्या चार बिंदूंनी तयार केले होते.

रिंग थ्री जॉ चकमध्ये बाहेरून धरली होती. पातळ रिंग तीन जबड्यांत आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते आणि मधल्या तीन ठिकाणी बाहेर फुगते. त्या अवस्थेत टूल आतून अगदी गोल बोअर कापते. चक सैल केल्यावर बाहेरचा व्यास मूळच्या गोलपणाकडे परततो, आणि जो बोअर दाबाखाली गोल होता तो आता तीन लोबांचा, म्हणजे तीन फुगवट्यांचा, होतो. त्याचे वर्णन एका ओळीत करता येते: कोणत्याही दिशेची त्रिज्या म्हणजे सरासरी त्रिज्या अधिक ६ मायक्रॉन गुणिले त्या दिशेच्या कोनाच्या तिपटीचे कोसाइन. या एका ओळीतून तिन्ही उपकरणांचे म्हणणे बाहेर पडते.

बोअर गेज केंद्रातून जाणाऱ्या रेषेवरची समोरासमोरची दोन टोके मोजतो. १८० अंशांची तिप्पट ५४० अंश, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर आणखी अर्धा. त्यामुळे एका टोकाला त्रिज्या जितकी वाढलेली, तितकीच समोरच्या टोकाला घटलेली असते, आणि बेरीज सगळ्या दिशांना सारखीच येते. तीन, पाच, सात असे विषम लोब असलेला कोणताही आकार दोन-बिंदू मापनाला असाच फसवतो. सेंटरलेस ग्राइंडिंग करणाऱ्यांना हे जुने दुखणे चांगले ठाऊक असते. प्लग गेज मात्र तिन्ही आत आलेल्या जागांना एकाच वेळी भिडतो, म्हणून त्याच्या दृष्टीने बोअरचा व्यास ६०.००८ वजा ०.०१२, म्हणजे ५९.९९६ होता, आणि तो आत न जाणे अगदी योग्य होते.

आता माझे चार बिंदू. ०, ९०, १८० आणि २७० यांची तिप्पट घेऊन पूर्ण फेरे वजा केले तर ०, २७०, १८० आणि ९० अंश उरतात. दुसऱ्या शब्दांत, त्या चार ठिकाणी तीन लोबांचे चढउतार आणि केंद्र सरकल्यामुळे दिसणारे चढउतार हे दोन्ही हुबेहूब एकच असतात, फक्त फिरण्याची दिशा उलटी. वर्तुळ बसवणाऱ्या गणिताला या दोहोंत फरक करण्याचा मार्गच नसतो, कारण त्याच्या हाती चार आकडे आणि शोधायची तीन अज्ञाते: केंद्राची दोन अक्षांतरे आणि एक त्रिज्या. ते प्रामाणिकपणे केंद्र ६ मायक्रॉनने सरकवते आणि त्या नव्या केंद्रापासून चारही बिंदू समान अंतरावर आहेत असे जाहीर करते. गोलाईचा दोष शून्य. भाग ३० अंशांनी फिरवल्यावर आभासी केंद्र उलट ९० अंशांनी का गेले, तेही यातूनच कळते.

चार आकड्यांतून तीन अज्ञाते वजा केल्यावर एकच आकडा शिल्लक राहतो, आणि गोलाईबद्दल जे काही कळायचे ते त्या एका आकड्यातून. तो आकडा म्हणजे समोरासमोरच्या एका जोडीची बेरीज वजा दुसऱ्या जोडीची बेरीज. म्हणजेच चार बिंदूंना फक्त लंबवर्तुळाकारपणा दिसतो, आणि तोही त्याचे अक्ष नेमके त्या बिंदूंच्या दिशेने असतील तरच पूर्ण दिसतो. ४५ अंशांनी वळलेला असेल तर तोही दिसत नाही. मी महिनोन्महिने ज्या स्तंभाकडे पाहून "गोलाई उत्तम" अशी नोंद करत होते, तो स्तंभ इतका आंधळा होता.

याचा सर्वसाधारण नियम असा: समान अंतरावर जितके बिंदू घेतले, त्या संख्येच्या पटीत लोब असतील तर ते व्यासातला बदल म्हणून दिसतात, आणि लोबांची संख्या त्या पटीपेक्षा एकने कमी किंवा जास्त असेल तर ते केंद्राचे सरकणे म्हणून दिसतात. चार बिंदूंसाठी तीन आणि पाच लोब, म्हणजे वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त आढळणारे दोन विषम प्रकार, नेमके या सापळ्यात येतात. तीन बिंदू घेतले तर तीन लोब सरळ व्यासात मिसळतात. सहा बिंदू घेतल्यास केंद्र आणि व्यास दोन्ही ठीक येतात, पण ते सहाही बिंदू लोबांच्या चढउताराच्या मध्यावर पडले तर गोलाईचा दोष पुन्हा शून्य दिसतो. गणितापुरते पाहिले तर वर्तुळाला तीन बिंदू पुरतात, गोलाला चार, सिलिंडरला पाच आणि शंकूला सहा. पण बीएस ७१७२ या ब्रिटिश मानकात वर्तुळासाठी सात बिंदूंची शिफारस होती ती काही उगाच नव्हती. सात बिंदूंना तीन आणि पाच लोब हे केंद्रापासून आणि व्यासापासून वेगळे दिसतात. सातच्या सापळ्यात सहा आणि आठ लोब सापडतात, जे तुलनेने क्वचित भेटतात.

ही गोष्ट इतक्या सविस्तर सांगण्याचे कारण असे की आकार बसवण्याच्या गणिताबद्दल आमच्या क्षेत्रात एक समजूत खोलवर रुजलेली आहे: मोजलेले बिंदू म्हणजे खरा आकार अधिक काही किरकोळ गडबड, आणि गणिताचे काम ती गडबड पुसून टाकण्याचे. ही समजूत कुठून आली तेही पाहण्यासारखे आहे. लघुतम वर्ग पद्धती, जिला सगळे लीस्ट स्क्वेअर म्हणतात, ती लजांद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकाच्या पुरवणीत प्रसिद्ध केली आणि गाउस यांनी १८०९ मध्ये ग्रहगतीवरील ग्रंथात तिचा संबंध निरीक्षणांतील चुकांच्या वाटणीशी जोडला. आकाशातला ग्रह एका निश्चित कक्षेत फिरत असतो आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्याच्या नोंदी इकडेतिकडे विखुरतात, अशा परिस्थितीत शेष अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करणे हे अत्यंत योग्य आहे. तेथे विचलन खरोखरच निरीक्षकाचे असते.

बोअरचे तसे नाही. चांगल्या सीएमएमवर एकाच जागी पुन्हा स्पर्श केला तर आकडा मायक्रॉनच्या अंशाने हलतो, आणि आमच्या रिंगेत लोबांची उंची दोन्ही बाजूंना ६ मायक्रॉन होती. येथे विचलनाचा बहुतेक हिस्सा म्हणजे त्या रिंगेचाच खरा आकार आहे. तो चकने, टूलने, उष्णतेने आणि मटेरियलमधल्या ताणाने घडवलेला आहे, आणि उद्या जोडणीत तोच शाफ्टला भिडणार आहे. लीस्ट स्क्वेअरच्या पाठ्यपुस्तकी सूत्राप्रमाणे वर्तुळावर समान अंतरावर ३६ बिंदू घेतले आणि प्रत्येकाची यादृच्छिक चूक १ मायक्रॉन असेल, तर त्रिज्येची अनिश्चितता ०.१७ मायक्रॉन आणि केंद्राच्या प्रत्येक अक्षांतराची ०.२४ मायक्रॉन येते. सूत्र बरोबर आहे, परंतु ते यादृच्छिक चुकांसाठी आहे. लोब यादृच्छिक नसतात, त्यामुळे हे सूत्र त्यांना लावून रिपोर्टवर छापले तर ती निव्वळ शोभेची अनिश्चितता ठरते.

मग ३६ बिंदू घेऊन रिंग पुन्हा मोजली. केंद्र एका मायक्रॉनच्या आत जागेवर आले, म्हणजे ऑपरेटरचे म्हणणे खरे होते आणि माझा रिजेक्टचा शेरा चुकीच्या कारणासाठी होता. आता त्याच ३६ बिंदूंना सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी वर्तुळे बसवली. लीस्ट स्क्वेअरने व्यास दिला ६०.००८. सर्व बिंदूंच्या आत मावणारे मोठ्यात मोठे वर्तुळ ५९.९९६ चे होते. सर्व बिंदूंना बाहेरून वेढणारे लहानात लहान वर्तुळ ६०.०२० चे होते. आणि सर्व बिंदू ज्यांच्या मध्ये सामावतात अशा दोन समकेंद्री वर्तुळांतले किमान अंतर, म्हणजे मिनिमम झोन, १२ मायक्रॉन होते. ऑपरेटरांनी स्क्रीनकडे बघत विचारले, "यातला खरा कुठला?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर बिंदूंमध्ये नसते. बोअरमध्ये घट्ट शाफ्ट सरकणार असेल तर आत मावणारे वर्तुळ खरे. बोअर सरासरी कोठे कापला जातो आहे हे पाहून लेथचा ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) बदलायचा असेल तर लीस्ट स्क्वेअर खरे, कारण ते प्रक्रियेचा मध्य दाखवते आणि एका भागाकडून दुसऱ्याकडे जाताना उड्या मारत नाही. गोलाईचा दोष नोंदवायचा असेल तर मिनिमम झोन, कारण आयएसओ ११०१ या आंतरराष्ट्रीय मानकातली आकाराच्या टॉलरन्सची व्याख्याच किमान रुंदीच्या क्षेत्राची आहे. बाहेरून वेढणारे वर्तुळ शाफ्टसाठी कामाचे; बोअरसाठी त्याचा उपयोग मला अजून सापडलेला नाही.

मिनिमम झोनमागची कल्पना, म्हणजे वर्गांची बेरीज नव्हे तर सर्वांत मोठे विचलन किमान करणे, चेबिशेव्ह यांच्याकडून आलेली आहे, आणि आमच्या धंद्याच्या दृष्टीने गंमत अशी की १८५० च्या दशकात ते या विचाराकडे वळले ते वाफेच्या इंजिनातील वॅट यांच्या समांतरभुज यंत्रणेचा अभ्यास करताना. ती यंत्रणा पिस्टनच्या दांड्याला जवळजवळ सरळ रेषेत चालवते. "जवळजवळ" किती, हा प्रश्न सरासरीचा नसून सर्वांत वाईट जागेचा होता. गाउस यांच्यापुढे आकाश होते आणि चेबिशेव्ह यांच्यापुढे यंत्र, आणि सीएमएमच्या सॉफ्टवेअरमधला पर्यायांचा मेनू अजूनही या दोन परिस्थितींत विभागलेला आहे.

तरीही लीस्ट स्क्वेअरला नावे ठेवून दुसऱ्या टोकाला जाण्यात शहाणपण नाही, आणि याचा अनुभव मला लगेच पुढच्या आठवड्यात आला. धुण्यातून सुटलेली एक बारीक चिप (धातूचा कीस) बोअरच्या आत चिकटून राहिली होती आणि बारापैकी एक बिंदू नेमका तिच्यावर पडला. समजा तो बिंदू २० मायक्रॉन आत आला. लीस्ट स्क्वेअरमध्ये त्याचा परिणाम सर्वांत वाटला जातो: व्यास ३.३ मायक्रॉनने कमी होतो, केंद्र चिपपासून ३.३ मायक्रॉनने दूर जाते. आत मावणारे मोठ्यात मोठे वर्तुळ मात्र एका बाजूला चिपला आणि दुसऱ्या बाजूला समोरच्या भिंतीला टेकते, त्यामुळे व्यास पूर्ण २० मायक्रॉनने घटतो आणि केंद्र १० मायक्रॉनने सरकते. टोकाच्या बिंदूंवर उभ्या असलेल्या सर्व पद्धतींचे हे दुखणे आहे: त्या दोन-तीन बिंदूंवर विसंबतात, म्हणून त्या बिंदूंपैकी प्रत्येकाची खात्री पटलेली असावी लागते. शिवाय चिप लीस्ट स्क्वेअरमध्ये लपतेही. २० मायक्रॉनचा तो बिंदू बसवलेल्या वर्तुळापासून फक्त १५ मायक्रॉन दूर दिसतो, कारण वर्तुळच त्याच्या बाबतीत थोडे नमते घेते. म्हणून मी आता कोणतेही वर्तुळ बसवण्यापूर्वी बिंदूंचा विचलन-आलेख डोळ्यांनी पाहते. एकटा उभा राहिलेला काटा दिसला तर भाग पुन्हा धुवायचा. सॉफ्टवेअरमधले विचित्र बिंदू आपोआप गाळण्याचे बटण मला आवडत नाही. ते चिपही गाळते आणि खरा बरही (कापताना उठलेली धातूची कड).

बोअर निदान पूर्ण वर्तुळ तरी असतो. खरा घोळ तुटक कमानींचा. एका भागावर १२ मिलिमीटर त्रिज्येची फक्त ३० अंशांची कमान होती, टॉलरन्स उणे-अधिक ०.०५. एका शिफ्टमध्ये ती ११.९५ यायची, दुसऱ्या शिफ्टमध्ये १२.०६, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या हातांवर संशय घेत होते. हात दोघांचेही ठीक होते. कमानीची दोन टोके पक्की धरा आणि मधला बिंदू १ मायक्रॉनने वर उचला. त्रिज्या किती बदलेल? अर्ध्या कोनाचे, म्हणजे १५ अंशांचे, कोसाइन ०.९६६. ते १ मधून वजा केले की ०.०३४ उरतात, आणि ०.९६६ ला ०.०३४ ने भागले की सुमारे २८ येतात. एका मायक्रॉनमागे त्रिज्येत २८ मायक्रॉन. पृष्ठभागावर २ मायक्रॉनचा हलका फुगवटा असेल तर ५७ मायक्रॉन, म्हणजे टॉलरन्सची एक पूर्ण बाजू संपून वर थोडे. पाव वर्तुळ असते तर हाच गुणक अडीचच्याही आत राहिला असता, आणि १० अंशांची कमान असती तर तो २६० च्या वर गेला असता. बिंदू वाढवून यादृच्छिक चूक कमी होते, फुगवटा कमी होत नाही.

अशा कमानीची त्रिज्या मोजण्याचा हट्टच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्रिज्या ड्रॉइंगवरची १२ धरून पक्की करावी, गणिताला फक्त जागा शोधू द्यावी आणि बिंदूंचे त्या कमानीपासूनचे विचलन प्रोफाइल टॉलरन्सशी, म्हणजे आदर्श वळणाभोवतीच्या मान्य पट्ट्याशी, ताडून पाहावे. डिझाइन करणाऱ्यांना हे पटवायला वेळ लागतो, पण कमानीवर प्रोफाइल टॉलरन्स दिला तर दोन्ही शिफ्टचे आकडे जुळतात, कारण मग विचारलेला प्रश्न बिंदूंना झेपणारा असतो.

अक्षांच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. ८ मिलिमीटर खोलीच्या बोअरला सिलिंडर बसवून त्याचा अक्ष डेटम मानला आणि वरच्या व खालच्या फेरीत केंद्राचा २ मायक्रॉनचा फरक पडला, तर २०० मिलिमीटर दूरच्या छिद्रापाशी तो फरक ५० मायक्रॉन होतो. वर त्या दोन फेऱ्या चार-चार बिंदूंच्या असतील आणि भागाला तीन लोब असतील, तर काय होईल ते सांगायला नको. आखूड बोअरने जागा ठरवावी आणि दिशा शेजारच्या मोठ्या सपाट पृष्ठाने ठरवावी. डेटमचा क्रम ड्रॉइंगवर असतो तो याच कारणासाठी.

सॉफ्टवेअर आतून काय करते याकडेही थोडे पाहिले पाहिजे. बिंदूपासून वर्तुळापर्यंतचे खरे अंतर किमान करायचे तर समीकरणे रेषीय राहत नाहीत, पुन्हा पुन्हा सुधारत उत्तराकडे जावे लागते. त्याऐवजी अंतरांचे वर्ग आणि त्रिज्येचा वर्ग यांतला फरक किमान केला तर एका फटक्यात उत्तर मिळते. १९७६ मध्ये कोसा यांनी वर्णन केलेली ही बीजगणिती पद्धत पूर्ण वर्तुळावर चांगली चालते, परंतु आखूड कमानीवर ती त्रिज्या पद्धतशीरपणे लहान दाखवते. अनेक ठिकाणी घरी लिहिलेल्या मॅक्रोंमध्ये (छोट्या प्रोग्रॅममध्ये) हीच पद्धत असते आणि लिहिणाऱ्यालाही ते लक्षात नसते. माझ्या जुन्या मॅक्रोमध्येही होती. ती सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरावी आणि पुढचे काम गाउस-न्यूटन किंवा लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट अशा पुन्हा पुन्हा सुधारत जाणाऱ्या पद्धतीवर सोपवावे. तत्पूर्वी सर्व बिंदूंची सरासरी वजा करून मूळबिंदू त्यांच्या मधोमध आणावा, नाहीतर मोठ्या आकड्यांच्या वर्गांत मायक्रॉन हरवतात.

ही शंका केवळ हौशी मॅक्रोंपुरती नव्हती. १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि उद्योग यांच्यातील माहिती देवाणघेवाणीच्या जीआयडीईपी या कार्यक्रमामार्फत सावधगिरीची सूचना निघाली की सीएमएमसोबत येणारी सॉफ्टवेअर एकाच बिंदुसंचासाठी चुकीची उत्तरे देऊ शकतात. त्यानंतर अमेरिकेतील एनआयएसटी, जर्मनीतील पीटीबी आणि ब्रिटनमधील एनपीएल या राष्ट्रीय संस्थांनी उत्तर आधीच माहीत असलेले बिंदुसंच वापरून गणित तपासण्याचे काम केले, आणि लीस्ट स्क्वेअरसाठी २००१ मध्ये आयएसओ १०३६० चा सहावा भाग आला. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की प्रोब कॅलिब्रेट करतो तशा आस्थेने हे बिंदुसंच चालवून पाहणारे लोक मला फार थोडे भेटले आहेत.

प्लग गेजचे म्हणणे आणि ड्रॉइंगचे म्हणणे यांचा मेळ घालणे तेवढे बाकी होते. विल्यम टेलर यांनी १९०५ च्या पेटंटमध्ये मांडलेले तत्त्व असे की गो गेजने पूर्ण आकार एकाच वेळी तपासावा आणि नो-गोने (जो आत जाता कामा नये त्या गेजने) प्रत्येक माप सुटे सुटे तपासावे. आमचा प्लग गेज या तत्त्वाचा होता. पण ड्रॉइंग आयएसओ पद्धतीचे होते, आणि आयएसओ १४४०५ च्या पहिल्या भागानुसार दुसरे काहीच लिहिलेले नसेल तर व्यास म्हणजे दोन समोरासमोरच्या बिंदूंमधले अंतर. त्या अर्थाने ऑपरेटरांचा बोअर गेज बरोबर होता आणि भाग ड्रॉइंगप्रमाणे मापात होता. अमेरिकी एएसएमई वाय १४.५ प्रमाणे ड्रॉइंग असते तर एन्व्हलपची अट, म्हणजे ६०.००० चा निर्दोष दंडगोल बोअरमध्ये मावलाच पाहिजे ही अट, आपोआप लागू झाली असती आणि तोच भाग नापास झाला असता. आम्ही डिझाइन विभागाला विचारले की या बोअरमध्ये नेमके काय बसते. घट्ट सरकणारी स्लीव्ह, असे उत्तर आले, आणि पुढच्या आवृत्तीत ६० एच ६ च्या पुढे वर्तुळातले ई हे एन्व्हलपचे चिन्ह आले.

लेथवर फिनिशिंगच्या पासपूर्वी रिंग सोडून पुन्हा हलक्या दाबाने, रिंगेला जवळजवळ सर्व बाजूंनी कवेत घेणाऱ्या सॉफ्ट जॉमध्ये धरायला सुरुवात झाली. लोब दोन मायक्रॉनच्या आत आले आणि गो गेज आत जाऊ लागला. माझ्या प्रोग्रॅममध्ये बोअरसाठी आता ३६ बिंदू आहेत, आणि रिपोर्टवर व्यासाच्या तीन ओळी छापल्या जातात: दोन-बिंदू, लीस्ट स्क्वेअर आणि आत मावणारे वर्तुळ. प्रत्येक ओळीच्या टोकाला पद्धतीचे नाव, बिंदूंची संख्या आणि वापरलेला फिल्टर लिहिलेला असतो. त्यासाठी मशिनचा वेळ भागामागे दीड मिनिटाने वाढला, आणि त्याबद्दलची तक्रार मी अजूनही दर महिन्याच्या बैठकीत ऐकते. ऑपरेटर मात्र रिपोर्ट घेतला की आधी तिसरी ओळ पाहतात आणि ऑफसेट द्यायचा असेल तेव्हा दुसरी.